सर्वांनी सुधारलेली आई

ता. ३ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ., आणि सोबत थोडा रागही.

कागदावर लिहितोय, कारण नेटवरच्या आपल्या सामायिक पानावर मी ओळ लिहितो न लिहितो तोच तू ती नीट करतेस. मास्तरीणबाई ना तू! आईचं विसरणं वाढलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, तिची हकिगत तिलाच वाचून दाखवा. पानाची कल्पना तुझी, आणि झकास होती. ती बोलली, मी उतरवलं, मग तीन गावांतून तिन्ही भावंडं भर घालत बसलो. मधल्याला तर तिच्या शिवणयंत्राची खडखडसुद्धा आठवली.

पण तू तिच्या ‘मेल्या’चं ‘बाळा’ केलंस. नातवंडं वाचतील म्हणून मधल्याने तिची भांडणं गाळली. माझा जन्म कारखान्यात लेथवर गेला. यंत्राचा सूर बिघडला की मला कळतं. काल वाचताना तसंच झालं. ऐकून झाल्यावर आई हळूच म्हणाली, बाई गुणी होती हो, तुमची कोण?

चिमणे, ती हातातून निसटतेय. काहीतरी कर. लोभ ठेव, पण लाल पेन खाली ठेव.

तुझा दादा

ता. ८ मार्च

ती. दादास,
सा. न. रागासकट आशीर्वाद पोचले.

पत्र वाचून वर्गातच रडले. मुलांना वाटलं, त्यांचे पेपर बघून रडतेय. त्या पानाच्या पोटात प्रत्येक जुना खर्डा जपलेला असतो म्हणे. मधल्याने शोधला. तू पहिल्या दिवशी उतरवलेला मजकूर शिव्यांसकट परत ठेवलाय आणि पानाला कुलूप घातलंय. आता कुणीच हात लावू शकणार नाही, मीसुद्धा. तेवढाच वाच. ती हसली तर कळव. नाही हसली तरी कळव.

तुझी चिमणी

ता. १४ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ. राग संपला.

पहिल्याच ‘मेल्या’ला आई ताठ बसली. घरमालकाशी झालेलं भांडण आलं तेव्हा मला मध्येच थांबवून म्हणाली, दार आधी त्यानेच आपटलं होतं. नापास होऊन तू माळ्यावर लपलीस तिथे तिने तुला नावाने हाक मारली. मधल्याचाही उद्धार झाला. मी आनंदाने वेडा व्हायचा बाकी होतो. मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, वाचणारे हे कोण?

पान वरपासून खालपर्यंत धुंडाळलं गं. त्यात मी नाहीच. ती सांगत होती तेव्हा मी समोर बसलेला. माझं मलाच काय सांगणार?

कुलूप काढ. तू आणि मधल्याने मिळून मला लिहा, आजच. मी लिहिलं तर स्वतःला गुळगुळीत करीन. ती मला काय म्हणून हाक मारायची, कशावरून बडवायची, सगळं लिहा, आणि एक शब्दही सुधारू नका.

तुमचा लोभ आहे, ठाऊक आहे मला. तो फक्त तिच्या कानावर घालायचाय.

वाचणारा,
तुझा दादा