पिशवीच्या मापाची पेटी

प्रति,
मा. भांडार अधिकारी,
पाणीपुरवठा विभाग,
मुख्य कार्यालय (तळघर).

विषय : वाद्यपथकातील ट्युबासाठी, ज्यात ट्युबा मावेल अशी, कडक पेटी मिळणेबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे अर्ज, ज्यांवर आपण चहाचा कप ठेवत असल्याचे मी समक्ष पाहिले आहे.

महोदय,

१. पितळ काळाला पुरून उरते. राज्ये लयाला जातात, तोफा गंजतात, पण पितळी वाद्याचा स्वर पिढ्यानपिढ्या घुमत राहतो. आपल्या तळघराचा जिना मात्र याला अपवाद आहे. "पेटी पाहिजे तर वाद्य दाखवायला आणा," असे आपण फर्मावल्यावरून मी ट्युबा कापडी पिशवीत घालून आणत असता तो त्या जिन्यावरून घरंगळला. त्याच्या पसरट तोंडाला असा पोचा पडला आहे की खालचा स्वर लावला की म्हैस शिंकल्याचा भास होतो.

२. ट्युबा हे पथकातील सर्वांत मोठे वाद्य. मूल मांडीवर घ्यावे तसे ते घेऊन वाजवतात. मूल आडदांड आहे, एवढेच. या अपघाताने आपले हृदय हेलावले आणि आपण तत्काळ आदेश काढलात की यापुढे कोणतेही पितळी वाद्य कडक पेटीशिवाय तालमीच्या खोलीबाहेर नेऊ नये. आदेश उत्तम आहे. परंतु पेटीचे माप भांडारातच घेतले जाईल, हाही आदेश आपलाच. चौथ्या मजल्यावरील तालमीच्या खोलीत येऊन माप घ्यावे अशी विनंती केली असता आपण आपल्या गुडघ्यांचा दाखला दिलात.

३. म्हणजे पेटीशिवाय ट्युबा खाली येईना आणि ट्युबा खाली आल्याशिवाय पेटी होईना. यावर तोडगाही आपणच काढलात : "अहो, पिशवी आणा की. पिशवी ट्युबाचीच ना? मग माप तेच!" मी पिशवी आणली, हे कबूल. आपल्या मोजणी कारकुनाने ती टेबलावर पसरली, हाताने सुरकुत्या काढल्या आणि लांबी, रुंदी व जाडी घेतली. रिकाम्या पिशवीची जाडी. आत ट्युबा घातला की पिशवी फुगते, हे मी त्याच वेळी निदर्शनास आणून दिले. त्यावर आपले उद्गार होते, "फुगवून मापं घ्यायला आम्ही फुगेवाले नाही. हे भांडार आहे."

४. पेटी कशी निवडावी याबाबत मी सविस्तर लिहून दिले होते. वरून टणक, पण नुसत्या लाकडाची नको, कारण ती उचलण्यातच वाजवणाऱ्याचा दम जातो. आत जाड अस्तर, आणि तेही असे की वाद्याचा भार त्याच्या कळांवर न येता कडेवर यावा. खाली चाके, कड्या भक्कम. यांपैकी अस्तर, चाके व कड्या आपण खरोखर दिल्या आहेत, त्याबद्दल आभार. फक्त पेटी इस्त्री केलेल्या सदऱ्याच्या जाडीची आहे. ती आपल्या मांडणीत किती छान बसते हे आपण मला कौतुकाने दाखवलेत. पेटीत काय बसते, हा प्रश्न आपल्याला शिवला नाही.

५. पेटी आल्यापासून मला तोंड दाखवायला जागा उरलेली नाही. पथकाच्या बसचा चालक, जो मला एरवीच 'भोंगा' म्हणतो, तो भर फाटकात ओरडला, "भोंगासाहेब, ट्युबा दोन दिवस गादीखाली दाबून ठेवा, मग बसेल!" हा विनोद होता, असे मी धरून चाललो होतो. नंतर आपले लेखी उत्तर आले : 'वाद्य पेटीच्या मापाचे करता येईल काय, याबाबत पाइप दुरुस्ती शाखेचे मत घ्यावे.' पाइप दुरुस्ती शाखेतील हातोड्यांकडे आता मी पाठ करून उभा राहत नाही.

६. येत्या रविवारी परगावी आंतरविभागीय स्पर्धा आहे. आजवर मी या पथकात 'भप् भप्' एवढेच वाजवले. चाल दुसऱ्यांची, खालून टेकू माझा. यंदा बँडमास्तरांनी प्रथमच एक संथ चाल ट्युबासाठी बसवली आहे. बाकीचे टेकू देणार आणि मी गाणार. माझी पत्नी इतकी वर्षे कार्यक्रमाला येऊन एकच प्रश्न विचारते, "यात तुम्ही कुठे होतात?" या वेळी ती विचारणार नव्हती. परंतु आपल्या आदेशामुळे चालक पेटीविना ट्युबा बसमध्ये घेत नाही. आपला आदेश आहे तोवर तो बरोबर आहे.

७. सबब विनंती की, शुक्रवारपूर्वी ट्युबाच्या मापाची पेटी द्यावी. ते आपल्या कुवतीबाहेरचे असल्यास (माझा अंदाज तसाच आहे) मलाच पेटी म्हणून प्रमाणित करावे. मी ट्युबाला कवटाळून बसेन. माझ्या पाठीवर 'कडक पेटी' असा आपला शिक्का मारावा. निकषांची अडचण येऊ नये. मी वरून टणक व आतून पोकळ आहे, असे पत्नीचे जुने मत असून ती ते लेखी देण्यास तयार आहे. हेही अमान्य झाल्यास मी रोज कार्यालयीन वेळेत तालमीच्या खोलीची खिडकी उघडून, आपल्या दिशेने तोंड करून, पोचा पडलेला स्वर वाजवीन. खिडकी उघडण्यास कोणत्याही आदेशाने बंदी नाही. मी पाहिले आहे.

आपला नम्र, सध्यापुरता,

(सही)
ट्युबावादक, विभागीय वाद्यपथक
दिनांक : आपला आवक शिक्का पडेल तो

सोबत :
(१) ट्युबाचे रेखाचित्र, बाजूने. फुगवटा लाल शाईने दाखवला आहे.
(२) पिशवी. ट्युबा नसलेली.

ता. क. : हा अर्ज पाकिटात घालत असता आपला शिपाई नवा आदेश घेऊन आला. आलेली पेटी विनावापर पडून राहू नये म्हणून माझी चाल, ज्याच्या वाद्याला मापाची पेटी आहे अशा ट्रम्पेटवाल्याकडे देण्यात आली असून स्पर्धेत मी झांजा वाजवायच्या आहेत. झांजा पेटीत घालून पाहिल्या. बरोबर बसतात.