उसना थेंब

ता. ३ सप्टेंबर

चि. ठिपक्यास,
अ. उ. आ.

रक्ताच्या ठिपक्यांची नोकरी धरलीस तेव्हाच तुझं हे नाव पक्कं केलं, रागावू नकोस. लहानपणी बोटात काटा गेला तर घर डोक्यावर घेणारा तू, आणि आता कागदावर वाळलेल्या थेंबातून माणसाच्या अंगात औषध किती उतरलंय ते सांगतोस! शेजारणीला सांगताना माझा ऊर भरून येतो.

सोबत रक्ताचे थेंब टिपलेले चार कागदी पत्ते पाठवते आहे. हात सगळ्यात जास्त थरथरेल तेव्हाच थेंब घ्यायचा, ही तुमच्या प्रयोगशाळेच्या मुख्य बाईंची अट पाळली आहे. एकही थेंब छापलेल्या वर्तुळाबाहेर गेलेला नाही. तीस वर्षं नकाशे काढले ते काय उगाच?

कंपवाताच्या गोळ्या दिवसाला पाच झाल्या, तरी हात तासभरच थाऱ्यावर असतो. त्या तासात हे लिहिते आहे. मेंदूत तार बसवून थरथर थांबवतात, त्या शस्त्रक्रियेच्या यादीत माझं नाव राहील ना रे? आता सगळी भिस्त तिच्यावरच आहे.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी ताई

ता. १२ सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

स्पष्टच लिहितो. तुझ्या चारही पत्त्यांत औषधाचा लवलेशही सापडला नाही. रोज पाच गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे शक्यच नाही. गोळ्या जातात कुठे? कुंडीत?

रक्तात औषध भरपूर असूनही ज्यांची थरथर थांबत नाही, त्यांनाच तार बसवतात. गोळ्याच न घेणाऱ्यांचं नाव खोडतात. यादीची बैठक एकवीस तारखेला आहे. मी इथेच काम करतो, पण इथे वशिला चालत नाही आणि मी तो लावणारही नाही. काय असेल ते खरं खरं उलट टपाली कळव. 

लोभ आहे म्हणूनच इतकं बोललो.
तुझा धाकटा

ता. १५ सप्टेंबर

चि. ठिपक्यास,
अ. उ. आ.

गोळी मी एकही चुकवलेली नाही. रक्त माझं नव्हतं.

पहिला पत्ता मीच केला होता. बोट टोचलं आणि हात असा काही नाचला, की वर्तुळं राहिली बाजूला, कागदभर शिंतोडे उडाले. दुसऱ्याचीही तीच गत. ज्या हातानं नद्यांची वळणं काढली, त्याचं हे गचाळ काम परक्या माणसांनी पाहायचं, ही कल्पनाच सोसवेना. मी रडायलाच लागले. तेव्हा तुझे भावोजी शेजारी बसले, स्वतःचं बोट टोचलं आणि म्हणाले, की चाळीस वर्षं दोघं एकाच चुलीवरचं जेवतोय, रक्त वेगळं ते काय निघणार. त्या वेळी मलाही ते पटलं. दोघांनी मिळून अक्कल गहाण ठेवली, दुसरं काय!

माझ्या खऱ्या रक्ताचे पत्ते सोबत आहेत. बाईंनाही मी वेगळं पत्र लिहून सगळं कबूल केलं आहे. माझ्या लाजेपायी तुला बोल लागू नये.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.
ताई

ता. २२ सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

नाव राहिलं! आधी हे वाच, मग बाकीचं.

आमच्या बाई काय चीज आहेत ते तुला कळायलाच हवं. तुझे पहिले पत्ते भिंगाखाली धरले तेव्हाच त्यांच्या मनात आलं होतं, की ऐन थरथरीत दिलेले थेंब इतके नेटके पडत नाहीत. म्हणून ‘गोळ्या घेत नाही’ असा शेरा मारायच्या त्या थांबल्या होत्या. मला मात्र अवाक्षर बोलल्या नाहीत, कारण मी तुझा भाऊ. नवे पत्ते आल्यावर तासभर त्यांनी मान वर केली नाही. शिंतोड्यांतला एक बरा डाग शोधला, त्यातून टाचणीच्या डोक्याएवढी चकती कापली आणि तेवढ्यात औषध सापडलं. भरपूर! असं काम पाहिलं की या नोकरीचा अभिमान वाटतो.

भावोजींना त्यांचा निरोप आहे, की विचारल्याशिवाय पुन्हा रक्तदान करू नये.

शस्त्रक्रिया अठरा ऑक्टोबरला. डोक्याला भोक पाडताना तुला जागं ठेवतील, हे ऐकून मलाच घाम फुटला. मी दाराबाहेर बसलेला असेन.

भावोजींस साष्टांग, त्यांच्या बोटालाही.
तुझा धाकटा

ता. ९ डिसेंबर

चि. ठिपक्यास,
अ. उ. आ.

तू बाहेर होतास, म्हणून आतलं सांगते. डॉक्टरांनी मला हात उचलून धरायला लावला, तार हळूहळू आत सरकवली, आणि हात थांबला. एकदम. नकाशावरच्या अर्ध्या मिलिमीटरसाठी मी कचेरीत भांडणं केली आहेत, आणि या माणसानं डोळ्यांना न दिसणारी जागा तितक्याच नेमकेपणानं गाठली. तसं मी त्यांना टेबलावरूनच सांगितलं, तर ते म्हणाले की बाई, आता जरा गप्प बसा.

त्या तारेला वीज देणारं, छातीपाशी बसवलेलं यंत्र गेल्या महिन्यात सुरू केलं. चहा मी ओतते, सही मी करते. पाच गोळ्यांच्या दोन झाल्या. तुम्हा सगळ्यांचे किती उपकार मानू?

एक गोष्ट मात्र फक्त तुला सांगते. गेली चार वर्षं माझ्या स्वेटरची बटणं तुझे भावोजी लावतात, आणि रोज एक तरी बटण चुकीच्या काजात जातं. परवा सकाळी मी आरशासमोर सगळी बटणं पटापट लावली. वळून बघते तर हे हात पुढे करून उभे. हात खिशात घातले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

मी आरशाकडे पाठ केली, लावलेली सगळी बटणं पुन्हा सोडली आणि यांना हाक मारून म्हटलं, की जरा येता का, मला जमत नाहीये.

तुझ्या लोभाची अशीच हावरट,
ताई