मेहुण्याचं कुलूप

२ मार्च, सोमवार

हसू की रडू! ज्या टूलमधून आम्ही शे-दोनशे दुकानांच्या वेबसाइट सांभाळतो, ते सगळ्यांचे पासवर्ड म्हणे गुप्त लिपीत ठेवतं. आज सर्व्हरवर भलतंच काही शोधताना ती फाइल समोर आली. चाचणीच्या खात्याला पासवर्ड दिला — चार वेळा इंग्रजी 'ए'. फाइलमध्ये चार चांदण्या. पाच वेळा 'ए' — पाच चांदण्या! ही कसली गुप्त लिपी? पहिलीतली पोरं याहून बरी लपवतात.

साहेबांना सांगितलं. म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही कशाला उघडायला जाता?"

टूल त्यांच्या मेहुण्याने बनवलंय. म्हणजे विषय संपला.

३ मार्च

आईचा फोन. "ताईला एकदा फोन कर गं." म्हटलं, तिने करावा. आई म्हणाली, "मी काय तुमची टपालपेटी आहे?"

भांडणाला वर्ष होत आलं. ताई म्हणाली होती, माझं ठरलं होतं तो मुलगा लग्नापर्यंत टिकायचा नाही. टिकला नाही. ती खोटी ठरली असती तर केव्हाच माफ केलं असतं!

तिच्या पडद्यांच्या दुकानाची वेबसाइट आमच्याकडेच आहे. भांडणाआधी मीच आणली होती. आता काही अडलं की ऑफिसला मेल करते — 'महोदय' म्हणून! आठवण येते तिची. येतेच. पण पहिला फोन मी करणार नाही.

५ मार्च

चाचणी खात्यावर दिवसभर खेळ. एकेक अक्षर टाकायचं, त्याचं काय होतं ते बघायचं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळी बाराखडी हाती! इतरांच्या ओळींकडे मात्र बघायचं नाही असं ठरवलंय. कपाट उघडं दिसलं म्हणून कुणी दुसऱ्याचे कपडे चाळत बसत नाही.

आणखी एक गंमत — टूल दर तीन महिन्यांनी 'पासवर्ड बदला' म्हणून मागे लागतं, आणि तोच पुन्हा टाकला तरी मुकाट घेतं.

तपासायला शब्द संपले, तेव्हा बोटांनी आपोआप इंग्रजी अक्षरांत 'ढुमकटाप' टाकलं. आमच्या खोलीच्या दाराचा शब्द! आतल्या बहिणीने कडी लावलेली असो, कितीही कडाक्याचं भांडण असो, बाहेरचीने 'ढुमकटाप' म्हटलं की उघडायचंच. नियम ताईचा. फाइलमध्ये त्याचं झालं — कसल्याकसल्या चिन्हांत एक चांदणी, मग जोडीने दोन, शेवटी प्रश्नचिन्ह.

लगेच बदलून टाकलं.

६ मार्च

साहेब ऐन मीटिंगमध्ये म्हणाले, "एवढं सोपं असेल तर माझा ओळखून दाखवा!"

दाखवला. 'मीचशहाणा१२३'.

साहेब पाणी प्यायले, आणि म्हणाले, "नवं टूल बघा. मेहुण्याला मी सांगतो काय ते."

जिंकले!!

११ मार्च

नवं टूल आलं. यात पासवर्डचा असा काही भुगा होतो की तो परत जुळवणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. दोघांनी एकच शब्द ठेवला तरी भुगा वेगवेगळा. सगळ्या ग्राहकांना कळवलंय, नवा पासवर्ड ठेवा. उद्या जुनी यादी पुसायची.

दिवसभर खाती हलवली. स्क्रीनच्या उजव्या बाजूला कागद चिकटवून, म्हणजे पासवर्ड दिसायलाच नकोत. साहेब हसले. हसू देत.

१२ मार्च

पुसण्याआधी कागद काढला. वाचायचं काहीच नव्हतं. पण गर्दीत ओळखीचा चेहरा दिसतोच.

एक चांदणी. मग जोडीने दोन. शेवटी प्रश्नचिन्ह.

वाटलं, माझंच चाचणी खातं. ते तर मी बदललं होतं! डावीकडे बघितलं — पडद्यांचं दुकान. शेवटचा बदल जानेवारीतला. म्हणजे भांडण ऐन भरात असताना.

पुसून टाकलं. चहा प्यायला गेले आणि न पिताच परत आले.

१३ मार्च

केला फोन. "कोण?" म्हणाली — नंबर दिसत असूनही! मी म्हटलं, "ढुमकटाप."

"किती वेळ लावलास गं! दर वेळी तोच टाकतेय, वर्षभर. तू तिथे बसून सगळ्यांचे पासवर्ड बघतच असशील ना?"

"मी कुणाचेच बघत नाही, ताई."

नुसतं नाक ओढल्याचा आवाज.

"म्हणजे तुला ऐकूच आलं नव्हतं? मला वाटलं, ऐकूनही उघडत नाहीयेस."