वेंकटराव कुठं असतात?

प्रिय माणिक्यम,

दचकलीस ना? सव्वीस वर्षं तुला 'कस्तुरीताई' म्हणत आले आणि आता, तू गेल्यावर, हे नाव! काल तुझा भाचा वरंगळहून आला. आपल्या रानभाज्यांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघतेय, म्हणून तुझी मूळ चित्रं घेऊन आला होता. त्यानं जुनं पुस्तक उघडलं, 'चित्रे : सौ. कस्तुरी वेंकट माणिक्यम' हे वाचलं आणि आपल्या आत्याबद्दल, म्हणजे तुझ्याबद्दल, मला विचारलं, "मॅडम, अत्ता की शादी कब हुई?"

माझा चहा बशीत सांडला.

कस्तुरी हे तुमच्या घराण्याचं नाव, वेंकट देवाचं आणि तू माणिक्यम! मी आपल्या रीतीनं वाचलं: आधी तुझं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर तू आमच्या शाळेत चित्रकला शिकवायला आलीस आणि पहिल्याच दिवशी मी हजेरीपटावर तुझं लग्न लावून दिलं. हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, "वेंकटराव कुठं असतात?" उत्तर मीच द्यायची, "बदलीची नोकरी आहे." कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही.

एकदा तू म्हणालीस, "बाई, वो वेंकट मिला तो मेरेकू भी दिखाओ." मला वाटलं, नवऱ्याशी बिनसलंय. मी तुला संसारातल्या समजूतदारपणावर अर्धा तास ऐकवलं. तू मान खाली घालून ऐकत होतीस, खांदे हलत होते. मी समजले, रडतेस!

या सगळ्याचं हसू येतं. एका गोष्टीचं येत नाही.

तुझ्या प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात बारीक वाटोळे ठिपके असायचे. शाई उडालीय असं समजून मी चित्रांचे ठसे करणाऱ्या ब्लॉकवाल्याला बजावलं, "कडा छाटून हे डाग काढा, पान स्वच्छ दिसू द्या." ती तेलुगूत तुझी सही होती. एक्केचाळीस चित्रं, एक्केचाळीस सह्या. पुस्तक हातात आल्यावर तू शेवटपर्यंत चाळलंस आणि म्हणालीस, "अच्छा छपा." का नाही भांडलीस गं? शाळेत सगळ्या मला घाबरायच्या, हे मान्य. पण तू सुद्धा?

आज सकाळीच गुलमंडीच्या छापखान्यात गेले. खरं सांगू? मी नाव 'माणिक्यम कस्तुरी' असं फिरवून नेलं होतं. तुझा भाचा सोबत होता. कागद पाहून तो म्हणाला, "अत्ता ऐसा कभी नै लिखी." मी कागद परत घेतला आणि दुरुस्त केला. मग खिळे जुळवणारा जुळारी अडला.

"मॅडम, सगळ्यांची आडनावं मागं अन् यांचंच पुढं? यादीत बरं दिसत नाय."

"नाव तिचं आहे. तुम्ही खिळे जुळवा."

"अन् सह्या ठेवायच्या म्हणता, तर कडा छाटता येणार नाहीत, चित्रं मोठी होतील. पानं लई वाढतील."

उद्या पहिला फर्मा, छापील पानांचा पहिला ताव, निघेल. तो हातात येईपर्यंत मी तिथल्या स्टुलावरून उठणार नाही, हा शब्द. 'कस्तुरी वेंकट माणिक्यम', तू लिहायचीस त्याच क्रमानं. 'सौ.' नाही. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात तुझी सही. आणि पानांचं म्हणशील, तर माझी चार पानांची प्रस्तावना काढून टाकायला सांगितलीय. ती कंटाळवाणी आहे, हे तेवढं तू तोंडावर सांगितलं होतंस!

तुझी,
विमल