बहीजाने वीराला सोडवलं

कोम नखला, ३ मार्च १९७९

प्रिय कनावीभाऊस बहीजाचे सलाम, वि. वि.

बाबांसाठी पाठवलेला टेपरेकॉर्डर पोचला. नजर लागू नये म्हणून आई त्यावर रुमाल टाकून ठेवते.

मामाकडच्या लग्नात काय झालं ते मीच सांगते. बाबा रबाबावर गाथा गात होते. गाथेतला वीर शत्रूच्या तुरुंगात पडला आणि तिथेच बाबांचा आवाज गेला, नुसती खरखर उरली. वीराला कोठडीत ठेवून आपल्याकडे कुणी घरी जात नाही, नवरानवरीला ते अशुभ. हज करून आलेले म्हातारे हाज मुतवल्ली काठी आपटून म्हणाले, की कुणीही सोडवा, पण आत्ता सोडवा. बाबांनी रबाब पुन्हा छेडला आणि बायकांच्या दाराकडे पाहिलं. गाथा मला पाठ आहे, हे त्यांना माहीत होतं. मग मी दाराआडून गायले. वीर सुटला तेव्हा अंगणातले पुरुष उठून उभे राहिले होते.

तुझी आगाऊ बहीण,
बहीजा

कुवेत, २० मार्च १९७९

चि. बहीजास आशीर्वाद.

बाबांना मेथीचं गरम पाणी दे. पण तू हे काय करून बसलीस? खोलीतल्या आपल्या गावच्या चौघांना बातमी माझ्याआधी कळली. काकांचा शाज़ली, ज्याची अंगठी तुझ्या बोटात आहे, लिहितो की जिचा आवाज साऱ्या पुरुषांनी ऐकला तिच्याशी तो लग्न करणार नाही. मी तोड काढली आहे. सांगायचं, की बाबांनी टेप लावली होती आणि आवाज शहरातल्या कुणा गाणारणीचा होता. शाज़ली तेवढ्यावर गप्प बसेल. एवढं एक खोटं बोल आणि सुखी हो. गाढवासारखी अडून बसू नकोस.

रागावलेला, तरी तुझाच,
कनावी

कोम नखला, ८ एप्रिल १९७९

प्रिय भावास सलाम, वि. वि.

तुझी तोड आईला वाचून दाखवली. ती इतकी हसली की भाकरी करपली. अरे, मी गाताना अंगणात बसलेल्यांना नावानिशी सलाम केले होते. हाजांच्या वारलेल्या लेकाचं नाव घेतलं, तेव्हा हाजांनी बसल्या जागेवरून दुवा दिला. टेपला ते नाव कुणी सांगितलं असतं? आणि गावाने मानलं असतं तरी मी म्हटलं नसतं. तो आवाज माझा होता.

शाज़ली परवा येऊन गेला. तो वाईट नाही. ओट्यावर मान खाली घालून म्हणाला, की निदान यापुढे गाणार नाही एवढं तरी कबूल कर. मी अंगठी काढून त्याच्यापुढे ठेवली.

बाबांचा आवाज परतायचा नाही, असं डॉक्टर म्हणतात. त्यांनी रबाबाची तार माझ्या आवाजाला जुळवून घेतली आहे, पूर्वीपेक्षा चढी. गुरुवारी नदीपलीकडे लग्न आहे आणि बोलावणं माझ्या नावाने आलंय. या वेळी मध्ये दार नसेल. मी बाबांच्या शेजारी, अंगणात बसणार आहे.

राग गेला की ये. नाही गेला तरी ये, पण थांबवायला नको, ऐकायला ये.

तुझी,
बहीजा