दवाखान्याचा कापूस

ता. ९ जानेवारी १९५६, सोमवार
सासूबाई चाकणच्या सरकारी दवाखान्यातून घरी आल्या. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून आज नववा दिवस. बरोबर आलं: निळ्या कागदातली कापसाची गुंडाळी, पट्ट्या सहा, थेंबांची बाटली. सगळं फुकट. महाळुंग्यापर्यंत टांग्याचे चौदा आणे. मी असते तर बारात आणला असता.
डॉक्टरांनी दिलेला कागद मीच वाचून दाखवला. हात धुवावेत, डोळा फक्त ह्याच कापसानं पुसावा, दुसरा वापरू नये. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "शिकल्याली सून हाय. मला काय घोर न्हाई."

ता. १०
नवस बोलले आहे, त्यांना दिसू लागलं की विठोबाला लक्षवात. वाती वळायला घेतल्या. घरात गादी पिंजून उरलेला कापूस आहे, पण कळकट, काड्यांचा. देवाला तो कसा वाहायचा? दवाखान्याचा रेशमासारखा. तो वातींना घेतला. डोळ्याला गादीतला, निवडून, स्वच्छ बघून. पुसून टाकायचाच तर असतो.

ता. १३, शुक्रवार
डोळा सुजला. आधी पाणी, सकाळी पू. "सूनबाई, आत कुनी सुई फिरवतंय गं." तसंच चाकणला नेलं. पट्टी सोडल्यावर डॉक्टरांनी बत्ती धरून डोळा तपासला. मग, "कापूस कुठला वापरलात?"
"तुम्ही दिलेलाच."
इतकं सहज निघालं तोंडातून. सासूबाई शेजारीच. माझा हात धरून.
पुण्याच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. हे त्यांना घेऊन दुपारच्या एस.टी.नं गेले. त्याआधी चिठ्ठी उघडून पाहिली. मॅट्रिकचं इंग्रजी तेवढ्याला पुरलं. कापूस आमच्याच दवाखान्याचा, असं लिहिलं आहे.

ता. १६, सोमवार
थेंबांची रिकामी बाटली परत करायला चाकणला गेले. खरं तर सांगायला गेले होते. ऑपरेशनं बंद ठेवली आहेत. कापसाच्या डब्याला जंतू मारायची वाफ नीट दिली नाही म्हणून शंकरराव कंपाउंडरना घरी बसवलंय. तरी ते दवाखान्याच्या पायरीवरच बसले होते.
"वहिनी, म्हातारीचं कसं हाय? म्या सोता वाफ दिली व्हती. कुठं चुकलं कळंना बघा."
मी म्हटलं, देवाची इच्छा.
देवाच्या माथी मारलं. डॉक्टरांच्या खोलीपर्यंत गेलेच नाही.

ता. १७
ह्यांचं पत्र. पू थांबत नाही. डोळा काढावा लागेलसं दिसतं, नाहीतर दुसऱ्यालाही धोका. कापसातून काय गेलं ते तिथले डॉक्टर पुनःपुन्हा विचारतात. "आई येणाऱ्या-जाणाऱ्याला तुझं कौतुक सांगते."
जेवण गेलं नाही. पूजा केली, पण वर बघवेना.

ता. १८
उत्तर लिहिलं. दोन कागद फाडले. तिसऱ्यावर सरळ लिहिलं: आईंचा डोळा मी गादीतल्या कापसानं पुसला. दवाखान्याचा वातींना घेतला. डॉक्टरांशी खोटं बोलले. शंकररावांचा दोष नाही. हे पत्र पोचताच तिथल्या डॉक्टरांना सांगा. आईंना मी सांगेन, तुम्ही नको.
चाकणच्या डॉक्टरांकडे उद्या जाते, असंही लिहिलं होतं. ते खोडलं. गेल्यावर लिहीन.
शेवटी एवढंच: डोळ्याचं काय ठरलं, आणि उजव्याला उजेड कळतो का, तेवढं उलट टपाली कळवा.