लोरिसच्या गाडीच्या स्प्रिंगा

३ जून
लोरिसच्या गाडीचं मागचं चाक उडतंय! मुराल्योनेच्या घाटात, ऐन वळणावर. जेवताना सहज बोलावं तसा बोलला — "स्प्रिंगा कडक झाल्यात, आई. बदलतो." पियादिनाची पोळी अर्धी टाकून उठला.

४ जून
वाचनालयातून मोटारसायकलींचं पुस्तक आणलं. तिथली बाई हसली — "या वयात गाडी घेताय?" हसू दे.
मला वाटायचं, कडक स्प्रिंग म्हणजे मजबूत, म्हणजे सुखरूप. उलटंच आहे! स्प्रिंग बसणाऱ्याच्या वजनाला जुळावी लागते. जास्त कडक असली तर दबत नाही, मग खड्ड्यावर चाक रस्ता सोडतं.
नेवियोला, लोरिसच्या बाबाला, जाऊन सहा वर्षं झाली. अजून काही विचारायचं झालं की आधी त्याच्याच खुर्चीकडे बघते.

७ जून
ओरियानोच्या गॅरेजात गेले. नेवियोचा जुना दोस्त. म्हणाला, "वहिनी, मार्चमध्ये मीच नव्या टाकल्या की! पोराला गाडीवर बसवून, मोजून."
मग कडक कशा झाल्या?
"स्प्रिंग जुनी झाली की सैल पडते. कडक कधी होत नाही. पाठवा त्याला, परत मोजतो."

८ जून
लोरिस जात नाही. "मऊ मागव म्हणावं, झालं! मोजायचं काय त्यात?" ओरडला माझ्यावर. ओरडणारा मुलगा नाही तो.

११ जून
पाऊस. तो घाटात. पुस्तकाचं एकच पान चारदा वाचलं. आला एकदाचा.

१४ जून
ओरियानोच घरी आला. हातात टेप, काखेत वाइनची बाटली. "बस रे राजपुत्रा! तुझ्या आईनं डोकं खाल्लंय माझं." लोरिस नाइलाजानं बसला. मी गाडी धरली. ओरियानोनं चाकापासून सीटपर्यंत टेप लावली. पुन्हा लावली. मग थट्टा बंद.
जाताना फाटकाशी हळूच म्हणाला — "वहिनी, स्प्रिंगा ठीक आहेत. गाडी मार्चइतकी दबत नाही, पोरगा हलका झालाय. बराच."
रोज माझ्यासमोर जेवायला बसतो! मला कसं दिसलं नाही?

१५ जून
विचारलं. आधी "काही नाही". मग पायरीवरच बसला. एप्रिलपासून ठाऊक आहे त्याला. रक्ताचं दुखणं. औषधानं आटोक्यात येईल म्हणतात, पण सुरू तर करायला हवं! यानं दवाखान्याच्या तारखा चुकवल्या.
"बाबांच्या वेळी एकटीनं काढलंस, आई. परत तेच कुठल्या तोंडानं सांगू?"
वेडा. डोकं मांडीवर घेतलं त्याचं. किती वर्षांनी.

१७ जून
ओरियानोला सांगितलं, मऊ स्प्रिंगा नकोत. सोमवारी दवाखान्यात जायचं, मी मागे बसणार. दोघांना बसवून मोजलं त्यानं. म्हणतो, आता उलट जास्त दबते.
दबू दे.